दुसऱ्या घाण्याची भट्टी

मित्रांनो, शहागंजातल्या एका अरुंद बोळात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली मी नानची जुनी भट्टी आहे. मला विझून बरीच वर्षं झाली, पण माझा राग अजून विझलेला नाही. म्हाताऱ्या वस्तूनं गोड बोलावं, उसासे टाकावेत, अशी तुमची अपेक्षा असेल तर चौकातल्या घड्याळाकडे जा. त्याच्याकडे सगळे मान वर करून बघतात, त्यामुळे त्याचा स्वभाव गोड राहिला आहे. माझ्याकडे बघायला मान खाली घालावी लागते, आणि मान खाली घालायला माणसांना आवडत नाही.

माझी माती खाम नदीच्या काठची. त्या मातीत शेळीचे केस आणि गुळाचं पाणी घालून एका कुंभारानं आणि त्याच्या बायकोनं मला पंधरा दिवस पायांनी तुडवलं. मग रांजणासारखा आकार देऊन, वाळवून, बैलगाडीत भुसा पसरून मला शहागंजात आणलं. तेव्हा निजामाचं राज्य होतं. माझा पहिला मालक कमरोद्दीन. त्यानं मला जमिनीत बसवलं, भोवती वीट रचली आणि पोटात बाभळीचा जाळ केला. पहिल्याच दिवशी मला बारीक तडा गेला. कमरोद्दीन म्हणाला, "जाऊ दे, तडा गेलेलं भांडं सावध राहतं." तेव्हापासून मी सावध आहे. माणसं नीट बघते. काय देतात, काय ठेवून घेतात, याचा हिशेब माझ्याइतका पक्का कोणाजवळ नसेल.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हांला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

नानचा गोळा थापून, वरून हळदीच्या पाण्याचा हात फिरवून, तो भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवतात. पण भट्टी नुकती पेटलेली असते तेव्हा तिच्या भिंती एकसारख्या तापलेल्या नसतात. तळाशी आग, गळ्याशी गारवा. त्यामुळे पहिल्या घाण्यातले वरचे नान कच्चे राहतात, खालचे करपतात आणि मधले दोन-चार सटकून राखेत पडतात. हे नान विकले जात नाहीत. म्हणून आमच्या बोळातल्या भट्ट्यांचा एक रिवाज होता. पहिला घाणा खैरातीचा. फकीर, आंधळे, आईबाप नसलेली पोरं सकाळीच रांग लावत. मालक एकेक नान त्यांच्या हातावर ठेवी आणि दाढीवरून हात फिरवी. पुण्य मालकाच्या खात्यावर, राख त्यांच्या दातांत.

दुसरा घाणा मात्र राजा. तोवर माझी आंच सगळीकडे सारखी लागते. त्या घाण्याचे नान पिवळेधमक, मऊ, फुगलेले निघतात. लग्नाघरचे लोक दुसऱ्या घाण्यासाठी पहाटेपासून माणूस बसवून ठेवत.

कमरोद्दीनची बायको गौहर ही त्या खैरातीच्या रांगेतूनच मोठी झालेली. ती आणि तिची धाकटी बहीण वहिदा, दोघी पोरक्या. शेजारच्या एका बाईकडे मुली अक्षरं शिकायला जात. तिथंही या दोघींना दानात आलेलं पुस्तक मिळालं. त्याचं पहिलं पान फाटलेलं होतं, म्हणजे मुळाक्षरंच गायब. वहिदा हुशार, ती दुसऱ्या मुलींच्या खांद्यावरून बघून शिकली. गौहर लाजाळू होती. ती पहिल्या पानाची वाट बघत राहिली, आणि ते पान काही आलं नाही. जन्मभर तिला सही करता आली नाही. पुस्तक देणाऱ्याचं नाव मात्र त्याच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत होतं म्हणे. ते तिला वाचता आलं नाही हेच बरं झालं.

मग पोलिस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. निजामाच्या फौजेतल्या पुष्कळ अरबांना त्यांच्या मूळ मुलखाला परत धाडलं गेलं. वहिदाचा नवरा त्यांतलाच एक. त्याचा जन्म इथला, नान-खलिया खाऊन वाढलेला, त्या मुलखाचं हजरमौत हे नाव त्यानं फक्त आजोबाच्या तोंडून ऐकलेलं. पण कागदावर तो परका. वहिदा त्याच्याबरोबर मनमाडच्या गाडीत बसली, तिथून मुंबई, मुंबईहून बोट. जाताना ती माझ्याजवळ आली होती. बहिणीला म्हणाली, "आपा, तिथं बाभूळ असेल का गं?" गौहरला कुठं ठाऊक! दोघी बाभळीचंच बोलत राहिल्या. दुसरं काही बोलायची हिंमत दोघींत नव्हती.

दुसऱ्या वर्षी कमरोद्दीन वारला आणि गौहर स्वतः माझ्या काठावर येऊन बसली. बोळानं आठ दिवस नावं ठेवली. नवव्या दिवशी नान घ्यायला सगळे आले.

वहिदाचं पत्र आलं की आमचा कारागीर रहीम ते वाचून दाखवी. नान थापण्यात त्याचा हात धरणारा शहागंजात कोणी नव्हता, आणि तोंड उघडायची वेळ आली की त्याच्याइतका घुम्याही कोणी नव्हता. वहिदानं लिहिलं होतं की दरीतल्या त्या गावात मुली शेळ्यांमागं जातात, अक्षर कोणाला येत नाही, मी अंगणात पाच जणींना बसवलं आहे. पाटी एकच आहे. एक लिहिते तेव्हा चार जणी बघतात.

गौहरनं ते पत्र पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आपण पाठवायचं."

"हौ भाभी," रहीम म्हणाला. "पहिला घाणा अर्ध्या किमतीत कोणी ना कोणी घेईल. तेवढे पैसे त्या पोरींचे. खैरात ती खैरात."

"रहीम, तू राख चावली आहेस कधी?"

रहीमनं हातातला गोळा खाली ठेवला.

"मी चावली आहे. वहिदानंही चावली आहे. दुसरा घाणा पोरींचा. त्याची पूर्ण कमाई. आणि फकिरांना तिसऱ्यातले नान दे."

"मग पहिल्या घाण्याचं काय करायचं?"

"तो आपण खायचा. मी, तू आणि तुझे सगळे मदतनीस. करपलेलं खाल्लं की भट्टी नीट तापवायला शिकाल."

आणि खरंच शिकले! रोज स्वतःच्या पोटात जायला लागल्यावर पहिला घाणासुद्धा बरा निघायला लागला. इतकी वर्षं तो का निघत नव्हता, हे मी तुम्हांला वेगळं सांगायला नको.

दर साली शहागंजातून कोणी ना कोणी हजला जाई. गौहर त्याच्याबरोबर पत्र्याची एक पेटी देई. त्यात कोऱ्या पाट्या, वह्या, पेन्सिली, झग्यांचं कापड. मक्केत वहिदाचा नवरा किंवा त्याच्या गावचा कोणी ती पेटी घेई. पेटीत वापरलेली वस्तू एकही नसे. एका वर्षी कोणीतरी आपल्या मुलीची अर्धी भरलेली वही आणून दिली. गौहरनं ती परत केली आणि म्हणाली, "उरलेली पानं तुमच्या मुलीला लागतील."

लोकांना हे आवडलं नाही. देणाऱ्याला नाही म्हणणारा माणूस लोकांना कधीच आवडत नाही.

आमच्याकडे दौलताबादहून बाभळीचं लाकूड घेऊन सारजाबाई यायची. बैलगाडी स्वतः हाकणारी, जिभेला हाड नसलेली बाई. एकदा मोळ्या उतरवता उतरवता तिनं विचारलंच.

"गौहरबी, येक इचारू का? त्या समुंदरापल्याडच्या पोरी तुमच्या कोन लागत्यात?"

"कोणी नाही."

"मंग हितल्या पोरी काय मेल्या का? त्यास्नी द्यायाचं सोडून तिकडं कामून?"

"तुझी पोरगी वच्छी कुठाय?"

"आसंल की बकऱ्यामागं."

"ती तुझी कोण लागते?"

सारजाबाईनं मोळी जोरात आपटली. "टोमणा मारू नगासा."

"टोमणा नाही, सौदा आहे. सोमवारपासून वच्छी शाळेत दिसली नाही तर तुझं लाकूड माझ्या भट्टीत जाणार नाही. चितेगावचा गाडीवाला दोन आणे कमी घेतो."

"लई द्वाड हाय ही बाई!" सारजाबाई मला म्हणाली. हो, मलाच. तिला भट्टीशी बोलायची सवय होती. पण सोमवारी वच्छी शाळेत गेली. पाटीचे पैसे सारजाबाईनं गौहरकडून वाजवून घेतले, आणि पुढं दर खेपेला दुसऱ्या घाण्यासाठी म्हणून न किडलेल्या, सरळ लाकडांची एक मोळी वेगळी बांधून आणू लागली. तिचे पैसे घ्यायची नाही. "ते त्या पोरींचं," म्हणायची, आणि मान दुसरीकडे वळवायची. मित्रांनो, मी पुष्कळ दानशूर पाहिले. त्यांतली मान दुसरीकडे वळवणारी हीच एक.

अशी पंधराएक वर्षं गेली. मग वहिदाचं ते पत्र आलं.

बंदराच्या गावी मुलींची मोठी शाळा निघाली होती. राहायची, जेवायची सोय शाळेचीच. वहिदाच्या अंगणात शिकणाऱ्या सहा मुली तिथल्या परीक्षेत उतरल्या होत्या. अट एकच होती. प्रत्येकीच्या पायात मापाचा, बंद, काळा जोड पाहिजे. तो घरून आणायचा. शिस्तीच्या नावाखाली गरिबाला दारात अडवायची कला सगळ्या मुलखांत सारखीच दिसते. त्या दरीत सगळे अनवाणी. म्हणून वहिदानं सहा कागद पाठवले होते. एकेका कागदावर एकेकीचं पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवलेली. खाली नाव. सगळ्यांत लहान पाऊल अनवरीचं. बारा वर्षांची, बाप नसलेली, चुलत्याच्या घरात राहणारी.

पत्रात शेवटी होतं, "आपा, अनवरीचा चुलता म्हणतो, या वर्षी शाळेत गेली तर गेली, नाहीतर निकाह लावून टाकतो. नवरा बघून ठेवला आहे. बाकीच्यांचे बाप थांबतील. हा थांबणार नाही."

गौहरनं ते सहा कागद माझ्या काठावरच्या फळीवर मांडले. अनवरीच्या पावलावर तिनं आपला पंजा ठेवून बघितला. पाऊल पंजाएवढंच होतं. "एक बोट मोठा घ्यायचा," ती म्हणाली, "पेटी पोचेपर्यंत पाय वाढेल."

आणि त्याच आठवड्यात तिला मुदतीचा ताप आला.

आता गयासचं सांगते. गयास म्हणजे कमरोद्दीनच्या भावाचा मुलगा. पांढराशुभ्र शर्ट, खिशात दोन पेनं, आणि एकही कधी रिकामं झालेलं नाही. नगरपालिकेची निवडणूक जवळ आली होती आणि त्याला उभं राहायचं होतं. गौहरनं अंथरुणावरून त्याला बोलावलं. पेटीची किल्ली दिली, दुसऱ्या घाण्याची वर्षभराची पुंजी दिली, सहा कागद दिले. म्हणाली, "बेटा, सहा जोड. नवे. मापाचे. बस, एवढंच काम."

"चाची, तुम्ही फिकीरच नका करू," गयास म्हणाला. "असं करतो की सारं शहर नाव घेईल."

गौहरला शहरानं नाव घ्यायला नको होतं. तिला सहा जोड हवे होते.

आठ दिवसांत माझ्या डोक्यावर फळा लागला. 'परदेशी कन्या शिक्षण साहाय्य समिती. अध्यक्ष : गयासोद्दीन.' निळा तेलरंग, अध्यक्ष हा शब्द समितीपेक्षा मोठा. रिक्षात भोंगा लावून दवंडी फिरली. घरात पडून असलेले जोडे, चपला आणून द्या, परदेशातल्या गरीब मुली शिकतील, तुम्हांला पुण्य लागेल! आणि शहर धावलं. घरात अडगळ झालेली, टाकायला जीव होत नसलेली वस्तू पुण्य होऊन बाहेर जाते म्हटल्यावर कोण धावणार नाही? माझ्या समोर ढीग लागला. कचेरीत जाणाऱ्या बापयांचे टाचा झिजलेले बूट. नवरीच्या उंच टाचांच्या सोनेरी चपला. एकेकट्या चपला, ज्यांची जोडीदारीण कुत्र्यानं नेली होती. देणारी माणसं चांगल्या घरची, बोलायला मऊ. एकानं तर आपला बूट ढिगाच्या वर ठेवला, म्हणजे दिसेल.

सारजाबाई लाकूड घेऊन आली, तिनं ढिगाला बैलाची काठी लावून बघितलं.

"गयासभाऊ, हे काय उकिरडा मांडलाय व्हय?"

"सारजाबाई, धर्माच्या गायीचे दात मोजायचे नसतात."

"घेनाऱ्यानं नसतील मोजायचे. देनाऱ्यानं तर मोजावं का नाय? ह्यात त्या पोरींच्या पायाचं येक तरी हाय का?"

"पोरीच आहेत त्या. काही ना काही बसेल."

"मापाचे कागद हायेत ना? गौहरबीनं दिलेले?"

"आहेत, आहेत," गयास म्हणाला, आणि मंडपवाल्याशी बोलायला गेला.

रहीम तिथंच उभा होता. त्याच्या हातात गोळा होता. त्याला सगळं दिसत होतं, आणि तो गोळा थापत राहिला. त्या दिवशी त्यानं एक शब्द उच्चारला असता तर मी त्याला आजही दुवा दिली असती. मालकाच्या पुतण्यापुढं कसं बोलायचं, असं तो नंतर म्हणाला. नंतर सगळेच बोलतात.

नव्या जोड्यांची पुंजी कुठं गेली तेही ऐका. निमंत्रणपत्रिका, मंडप, भोंगा, फोटोवाला, पाहुण्यांना हार, आणि पेटीलासुद्धा हार.

आणि आता मला माझं सांगायचं आहे. समारंभाच्या सकाळी गयासनं फळीवरची जागा मोकळी करायला सांगितली, तिथं पाहुण्यांची सरबतं ठेवायची होती. फळीवर गयासनं टाकून ठेवलेले ते सहा कागद होते. नव्या मदतनिसानं विचारलं, "यांचं काय करू?" गयास पाठमोरा होता. "रद्दी असेल, टाक भट्टीत," म्हणाला. त्यानं टाकले. मित्रांनो, सहा पावलं माझ्या पोटात पडली. कागद पेटताना आधी कडा काळी होते आणि मधलं चित्र क्षणभर उजळ दिसतं. पाच जळली, मग शेवटचं, सगळ्यांत लहान. मी ओकून टाकायचा प्रयत्न केला. एवढ्या मोठ्या तोंडाला आवाज का नसतो? गयासला मी माफ केलेलं नाही, तसं स्वतःलाही केलेलं नाही.

समारंभ झाला. जुन्या जोड्यांनी ठासून भरलेली पेटी हाजीसाहेबांबरोबर गेली. वर्तमानपत्रात फोटो आला. गयास निवडून आला.

गौहर तापातून उठली तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "जोड गेले?"

"गेले चाची. सहा कशाला, साठ गेले!"

तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला बघवेना.

त्यानंतर वहिदाचं पत्र आलं नाही. एक महिना, चार महिने, वर्ष. गौहर टपालवाल्याला नान देऊन बसवून घ्यायची, जसं काही नान खाल्ल्यावर त्याला पत्र आठवेल. पुढच्या सालचे हाजी परतले, आणि त्यांच्याबरोबर ती पेटी परतली.

सकाळची वेळ. दुकानात गिऱ्हाईक. हाजीसाहेब नजर चुकवून म्हणाले, "गौहरबी, त्यांनी ही परत पाठवली." गौहरनं झाकण उघडलं. सोनेरी टाचा, झिजलेले बूट, एकेकट्या चपला, सगळं तेच. वर पत्र आणि पाच पावलांचे नवे कागद. रहीमनं वाचायला घेतलं, थांबला. "वाच," ती म्हणाली.

"आपा, मुलींनी तरी घालून बघितले. बंदरापर्यंत दोन दिवसांची वाट. शाळेच्या दारात बाईंनी सहा जणींना रांगेत उभं केलं. अनवरीच्या पायात बापयाचा बूट होता, आत चिंध्या कोंबलेल्या. ती रांगेतून पुढं आली आणि बूट मागं राहिला. सगळे हसले. बाईंनी सांगितलं, पुढच्या वर्षी नीट जोड घालून या. पाच जणींचे बाप थांबले आहेत. अनवरीचा निकाह त्याच महिन्यात झाला. आपा, तू आम्हांला पहिला घाणा कसा पाठवलास?"

गिऱ्हाइकांत सोनेरी चपला देणारे गृहस्थही होते. ते हळूच म्हणाले, "आपण तर चांगल्या मनानं दिलं होतं..."

गौहर स्टूल ओढून त्यावर उभी राहिली, माझ्या डोक्यावरचा फळा तिनं उपसला, आणि तो तीन तुकडे करून माझ्या तोंडात घातला.

"चाची, हे काय!" गयास धावत आला. "त्यावर माझं नाव आहे!"

"म्हणूनच नीट पेटेल. रहीम, नान लाव."

"भाभी, तेलरंग आहे. वास मुरेल नानात."

"मुरू दे. लाव!"

तेलरंगाचा निळा, घाणेरडा धूर माझ्या अंगभर फिरला. त्या दिवशी निघालेल्या नानांना घासलेटाचा आणि रंगाचा असा वास होता की बोळातल्या मांजरानं तोंड लावलं नाही. गौहरनं ते सगळे नान सारजाबाईच्या गाडीत भरले. ज्यानं ज्यानं जोडा दिला होता, त्याच्या दारी गाडी थांबली. यादी गयासच्याच समितीनं केलेली होती, देणगीदारांच्या नावांसकट. प्रत्येक दारात गौहर एक नान आणि त्या घरचा जोडा पुढं करी आणि म्हणे, "खैरात आहे. घ्या."

"अहो, हा काय खायचा नान आहे?" लोक म्हणत.

"तो काय घालायचा जोडा होता?" सारजाबाई गाडीवरून ओरडे. "चांगल्या मनानं भाजलाय, खावा गुमान!"

शेवटचं दार गयासचं. त्याला तिनं शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "तुला मत मिळालं, तिला नवरा मिळाला. तुझं पाच वर्षांत बदलेल." आणि माझ्या काठावर त्याला पुन्हा कधी बसू दिलं नाही. रहीमला मात्र तिनं काढलं नाही. दुसऱ्याच दिवशी शहागंजातल्या जोडेवाल्याकडे नेलं आणि स्वतःच्या हातानं सहा जोड निवडायला लावले. घुम्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो दुकानदाराशी शिवणीवरून भांडत होता.

"सहावा कशाला भाभी?" त्यानं विचारलं. "पाचच राहिल्या ना."

"सहा," गौहर म्हणाली आणि मापासाठी आपला पंजा पुढं केला.

पुढच्या वर्षी पाच जणी शाळेत गेल्या. सहावा जोड वहिदानं दाराशी ठेवला. त्यापुढच्या वर्षी गौहरनं अनवरीसाठी एक माप मोठा पाठवला. त्यापुढच्या वर्षी आणखी मोठा. वहिदा लिहायची, चुलता रोज त्या दारावरून जातो आणि मान फिरवतो. गौहर म्हणायची, "जाऊ दे, रोज बघू दे."

आठव्या वर्षी पत्र आलं. अनवरी कडेवर पोर घेऊन वहिदाच्या अंगणात आली होती. तिनं सहावा जोड उचलला, पायात घातला आणि मागच्या रांगेत बसली. पत्राच्या शेवटी तिनं स्वतः आपलं नाव लिहिलं होतं.

रहीमनं टाळी वाजवली. गिऱ्हाइकं म्हणाली, वा, वा, शेवट गोड झाला!

गौहर अशी कडाडली की माझ्या भिंतीवरचे दोन नान सुटले. "काय गोड झालं? बारा वर्षांची होती, वीस वर्षांची झाली. मधली आठ वर्षं कोणी खाल्ली? तिच्या त्या पाच मैत्रिणींतली एक आज त्याच शाळेत शिकवते. ही आज पुन्हा पाटी धरायला बसली. टाळ्या कसल्या वाजवता! दुसरा घाणा लावा."

मित्रांनो, गौहर गेली, वहिदा गेली, रहीम गेला. दुकानात गॅसची भट्टी आली. माझ्या पोटात आता रिकामी पोती ठेवतात. अधूनमधून कोणी येतं, माझ्यापुढं उभं राहून फोटो काढतं आणि 'किती जुनी!' म्हणतं. त्याचं मला काही वाटत नाही. जुनी आहेच मी.

पण आज सकाळी दुकानाच्या नव्या मालकानं माझ्या तोंडावर फळी टाकली आणि तिच्यावर एक मोठी टोपली ठेवली. पोरगा मनानं वाईट नाही, त्याला हे काहीच ठाऊक नाही. टोपलीवर छापील कागद आहे. 'परदेशातल्या मुलींच्या शिक्षणासाठी जुने बूट, दप्तरं इथं टाका.' दुपारपर्यंत टोपली निम्मी भरली. टाकणारे मोबाइलवर फोटो काढून गेले.

म्हणून मी तुम्हांला, मोठ्यांना सोडून तुम्हां मुलांना, हे सांगते आहे. आज-उद्या तुमची आई तुमच्या हातात एक पिशवी देईल आणि म्हणेल, जा, शहागंजातल्या टोपलीत टाकून ये. नाही म्हणू नका. पिशवी घेऊन या. पण इथं आल्यावर त्यातला जोड बाहेर काढा, तुमच्या पायात घाला, आणि या बोळातून चौकापर्यंत भर गर्दीत चालत जा. तुमच्या शाळेतली मुलं तुम्हांला बघतील एवढं हळू चाला. तो जोड घालून परत यायची लाज वाटली नाही तर टोपलीत टाका.

आणि लाज वाटली, तर तो घेऊन घरी जा. आईला सांगा, दूरच्या त्या मुलीलासुद्धा वाटते.